राक्षसोबाचे डोळे

मंगळवार, ३ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आज दोनदा करणार आहे. हा नेहमीचा, दुसऱ्याचं कारण खाली येईल, घाई करू नकोस.

आम्ही मजेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही आणि तुझी भावजय माझ्याकडे. लेक दवाखान्यात नर्स म्हणून कायम झाली.

उद्यान चालू आहे. तू सोडून गेल्याला सोळा वर्षं झाली. तू उभारलेल्या चंद्रमहालात आता चपलांचं दुकान आहे. बोलणाऱ्या झाडांचे आवाज बंद पडले, तेव्हा दुरुस्ती सोडून त्यांच्यावर टीव्हीतल्या मांजराची चित्रं चिकटवली. वळणावळणावर पाट्या: 'इथे हसा', 'इथे फोटो काढा'. घर फिरलं की वासेही फिरतात, दुसरं काय! तरी खोटं कशाला बोलू, सकाळी कुलूप उघडून नावा चालतात त्या कालव्यात पाणी सोडायला मला अजून आवडतं. हातात तेलाचा डबा असला की मी सुखी माणूस.

आता बातमी. तुझी राक्षसाची गुहा महिनाअखेर बंद होणार. तिथे खाण्याची टेबलं लागतील.

राक्षसोबाला मोडणार म्हटल्यावर मी त्याच्या पोटात शिरून ते चाक पाहिलं. शंभर दात्यांचं, दर नावेला एक दाता सरकणारं. त्यावर तू एकच खुंटी बसवली होतीस. म्हणजे झोपलेला राक्षस शंभर नावांत एकदाच डोळे उघडणार. "ज्याला दिसेल त्याच्यावर घरच्यांनीसुद्धा विश्वास ठेवू नये, गंमत तीच," असं तू म्हणायचीस.

मग एका सकाळी तो प्रत्येक नावेला डोळे उघडायला लागला. "माझ्या राक्षसाचं बाहुलं केलंत!" म्हणत तू व्यवस्थापकाच्या टेबलावर राजीनामा आपटलास. तो बिचारा 'मी नाही, मी नाही' करत राहिला.

ताई, तो खरं बोलत होता. उरलेल्या नव्याण्णव खुंट्या मी ठोकल्या होत्या.

लेक तेव्हा नऊ वर्षांची. अकरा वेळा नावेत बसून आली, अकराही वेळा तो झोपलेलाच. रडून रडून तिचे डोळे सुजले. मला बघवेना, दुसऱ्या दिवशी पहाटे हातोडी घेऊन गेलो. एका दिवसापुरतंच करायचं होतं. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, व्यवस्थापक खूश झाला, आणि उद्यानभर तोच नियम लागला: सगळं सगळ्यांना, प्रत्येक वेळी. टाळ्या आठवड्यात थांबल्या. तू व्यवस्थापकाच्या डोक्यावर खापर फोडून गेलीस आणि मी मूग गिळून बसलो. लाज वाटत होती. अजूनही वाटते.

गेल्या आठवड्यात सोमवारी तुझी एक सोडून सगळ्या खुंट्या उपटल्या. शनिवारी लेक सुटी काढून आली. राक्षसोबा ढिम्म. बाहेर आली ती हसतच. "बाबा, परत उभी राहू रांगेत?" तीनदा राहिली! नाहीच दिसलं, तरी घरी जाईपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होती.

आणि काल एक आजीबाई ओरडतच बाहेर आल्या, "अरे, त्यानं माझ्याकडे पाहिलं!"

"आजी, काहीही हं!" नातवंडं म्हणाली.

मी शेजारीच नावेला तेल घालत होतो. इतकं बरं वाटलं की दुपारी दोन कप चहा जास्तच प्यायलो.

एकतीस तारखेच्या आत ये. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, भांडलीस तरी चालेल. तिकीट काढ, रांगेत उभी राहा, नावेत बस. तुझी नाव कितवी ते मला ठाऊक असेल. पण या वेळी मी चाकाला हात लावणार नाही.

दुसरा नमस्कार इथे, तुझ्या पायांवर डोकं ठेवून.

तुझा,
खुंट्या ठोकणारा धाकटा