डुकरं, बाबा आणि पंचेचाळीस-सत्तर

डफ रिज, दक्षिण ओहायो
बुधवार, २० नोव्हेंबर २०२४, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. टेकडीवरचं कबरस्तान दिसणार नाही अशा बेताने खुर्ची फिरवून स्वयंपाकघरात बसलो आहे. काडतुसांच्या तुलनेचा तक्ता तिसऱ्यांदा स्वच्छ उतरवत होतो, तो बाजूला सारून हे पत्र.

आदरणीय डेल्बर्टकाकांना एल्डनचा नमस्कार.

अॅरिझोनाच्या कोरड्या हवेत आपला गुडघा आता वळत असेल, आणि व्हर्नाकाकूंचा पोपटही बोलू लागला असेल, अशी आशा आहे. (इथे असताना तो फक्त बाबांच्या आवाजात शिव्या द्यायचा. त्यामुळे त्याचं गप्प होणं हे सुतक समजायचं की सुधारणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.) आम्ही इकडे बरे आहोत. आईची खोकल्याची उबळ थांबली, छप्पर गळत नाही. बाबा एप्रिलपासून टेकडीवर शांतपणे विसावले आहेत असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

ऑगस्टपासून पलीकडच्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीतून रानडुकरांचा कळप येतो. आपलं कबरस्तान तुम्हाला पाठ आहे: खाली पणजोबांची रांग, मधे आजोबांची, सगळ्यांत वर एकटे बाबा. डुकरं शिस्तीची निघाली. त्यांनी खालून सुरुवात केली, नांगरावी तशी जमीन उलथली, पणजोबांचा दगड पालथा घातला आणि सप्टेंबरात आजोबांच्या रांगेला लागली. बाबांची माती सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत भुसभुशीत. तिला एकही मुसकट लागू देणार नाही, असा मी आईला शब्द दिला आहे. तारेचं कुंपण घातलं, ते त्यांनी अंग घासून घासून एका दुपारीत झोपवलं. म्हणजे आता बंदूक हवी, आणि बंदूक घरात नाही. बाबांची बंदूक अंत्यविधीच्या दिवसापासून कपाटात दिसलेली नाही. (तुम्ही नेली असेल तर राग नाही. भावाची आठवण म्हणून माणूस नेतो. तुम्ही शिकार सोडून बारा वर्षं झाली, एवढंच आपलं मनात आलं.)

दोन बंदुकांचे पैसे नाहीत. एकच अशी हवी की आता डुक्कर पडेल आणि दोन डिसेंबरला हंगाम उघडला की हरीणही मारता येईल. हरणाला आपल्याकडे कायद्याने बाटलीसारख्या मानेचं काडतूस चालत नाही. सरळ भिंतीचं, लिपस्टिकच्या नळीसारखं लागतं. एवढाच प्रश्न असता तर मी पंधरा मिनिटांत निकाल लावला असता (आई म्हणते, पंधरा वर्षांत). पण सरळ भिंतीची काडतुसंही अनेक आहेत. त्यांतल्या साडेतीनशे नंबरच्या काडतुसाचा धक्का सौम्य, हरणाला पुरे. पण थोराड नराच्या खांद्यावर ढालीसारखी जाड कातडी असते, गोळी तिथेच अडली तर पुढे तो आणि मी. साडेचारशे ती ढाल फोडतं, पण माझा खांदाही फोडतं. बाबांचं ते पंचेचाळीस-सत्तर. दीडशे वर्षांचं जुनं, अंगठ्याएवढं जाड. सावकाश जातं, पण पोचल्यावर वादाला जागा ठेवत नाही. मात्र लांबवर गोळी झुकते, आणि किती झुकते याबद्दल तीन पुस्तिकांत तीन आकडे आहेत. तिन्ही छापील.

बर्ल टॅकेटच्या दुकानात (बंदुका, गळाचे किडे आणि कोंबड्यांचं खाद्य) मी पुन्हा एकदा तक्ता उलगडला तेव्हा तो म्हणाला, "तू हॉलिसचाच ना रे? तुझा बाप यायचा तेव्हा माझी कॉफी गार व्हायच्या आत माल घेऊन बाहेर असायचा. तुझ्यापायी मी मोठी किटली घेतली, लेका."

बाबांनाही माझं हे सोसायचं नाही. लहानपणी आइस्क्रीमच्या गाडीपाशी मी विचारात पडलो की ते मागे उभे राहून नाकाने लांब श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "ठरव की लेका! नाहीतर मी ठरवतो."

आता जे लिहितो ते काकूंना वाचून दाखवू नका.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपार झाली तरी धुकं हललं नव्हतं. मी ओट्यावर तक्ता घेऊन बसलो होतो. वर टेकडीवर बार झाला. जड, संथ, दरीतून लोळत गेलेला. मी वर गेलो. आजोबांच्या रांगेत एक डुकरीण आडवी झाली होती. चिखलात खुरांच्या खुणा होत्या आणि माझी पावलं होती. तिसरं काही नव्हतं. बाबांच्या मातीवर मात्र दोन खळगे पडले होते, पालथं पडून नेम धरताना कोपरांचे पडतात तसे. त्यांच्या शेजारी काडतुसाची रिकामी पितळी नळी. मी उचलली. गरम होती.

ती मी बर्लकडे नेली. त्याने मापली, उजेडात धरून फिरवली. "पंचेचाळीस-सत्तर. आणि हा तोंडाजवळचा ओरखडा बघ. हॉलिस घरी काडतुसं भरायचा ना, त्याच्या यंत्राचा आहे. सगळ्यांना पडायचा. जुनी सापडली वाटतं कुठे?"

मी म्हटलं, उचलली तेव्हा हात भाजला.

त्याने ती हळूच काउंटरवर ठेवली, हात पँटला पुसले आणि भर दुपारी दुकान बंद केलं.

दुसरा बार झाला तेव्हा आम्ही जेवत होतो. आईने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझे बाबा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, बाबा गेले."

"मला सांगतोस? पण तू तीन महिने ठरवतोयस म्हटल्यावर तो माणूस गप्प पडून राहणार आहे का? घे, मक्याची भाकरी घे. आणि वर गेलास तर सांग त्यांना, जेवणाच्या वेळी नका उडवू म्हणावं, कुत्रा पलंगाखाली जातो."

मला घोर लागला तो निराळाच. स्वतःच्या जमिनीत मालकाला शिकारीचा परवाना लागत नाही, पण जमीन ऑगस्टात आईच्या नावावर झाली आहे. मग बाबा तिथे कोणत्या नात्याने बंदूक चालवतात? (वनरक्षकाला फोन करून, नाव न सांगता, मयत इसमाबाबत नियम काय असं विचारलं. त्याने फोन ठेवला.)

गेल्या रविवारी धीर करून वर गेलो आणि ओकच्या झाडामागे बसलो. धुक्यातून डुकरं आली. माझ्या शेजारून, जिथे गवताशिवाय काही नव्हतं तिथून, बंदुकीचा खटका मागेपुढे झाल्याचा आवाज आला. मग नुसती टिक्. डुकरांनी डोकी वर केली, पण पळाली नाहीत. पुन्हा टिक्. आणि मग नाकाने सोडलेला एक लांब श्वास.

काका, तो श्वास मी कुठेही ओळखेन. हातात काही नव्हतं म्हणून मी टोपीच हलवत डुकरांवर धावलो. ती गेली, पण माझा मान राखल्यासारखी, चालत. बाबांची काडतुसं संपली आहेत. डुकरं त्यांच्या मातीपासून एका मोटारीच्या लांबीवर आली आहेत. तरी आपला सल्ला उलट टपाली यावा: साडेचारशे घेऊ की पंचेचाळीस-सत्तर? तक्ता सोबत जोडला आहे.

आपला आज्ञाधारक पुतण्या,
एल्डन हॉलिस क्रीमन्स

ता.क. गुरुवार सकाळ. एक गोष्ट लिहायची राहिली. काल मी बर्लकडून पंचेचाळीस-सत्तरची एक पेटी घेतली होती. बंदूक नव्हे, नुसती काडतुसं; बंदुकीबद्दल ठरत नव्हतं. संध्याकाळच्या आत ती बाबांच्या मातीवर ठेवून आलो. आज पेटी आमच्या पायरीवर परत आली आहे, न फोडलेली. तिच्याशेजारी बंदूक. ओली, आणि दस्त्याच्या नक्षीत पिवळी माती. आईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "ठरवलं त्यांनी."

ता.क. दुसरा. आता पत्राचं खरं कारण. शवपेटी बंद करण्याआधी तुम्ही आम्हा सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं होतंत. भावाशी एकट्याने बोलायचं आहे म्हणालात. बोलणं बराच वेळ चाललं, आणि मधे लाकडावर काहीतरी जड ठेवल्याचा आवाज आला. काका, तुम्ही बंदूक आत ठेवलीत का? हो की नाही, एवढंच लिहा. तिकडे नेली असेल, तर ती जागेवर आहे का हे बघायला कपाट उघडण्याआधी काकूंना जवळ बसवून घ्या.

ता.क. तिसरा. गुरुवार, दुपार. डुकरं आली. मी बाबांच्या खळग्यांत कोपरं टेकली. थोरला नर सरळ वर चढत आला. त्याचं मुसकट मातीला लागायला हातभर राहिलं होतं. तेवढ्यात माझ्या मनात आलं, खांद्यावर मारावी की मानेत? मागे कुणीतरी श्वास आत घेतला. तो सुटायच्या आत मी चाप ओढला. नर जागच्या जागी बसला. बाकीची पळाली, या वेळी खरोखर पळाली. माझा खांदा जांभळा झाला आहे. तक्ता पाठवत नाही.

हिशेब. खर्च: कुंपणाची तार एकशे अठरा डॉलर (वाया), काडतुसांची पेटी बावन्न डॉलर. देणं: बर्लचे पेटीपैकी बावीस डॉलर, शुक्रवारी देईन. बाबांची बंदूक एक. ही परत करायची आहे, पण एवढ्यात नाही. मीही टेकडीवर कायमचा राहायला येईन तेव्हा बरोबर घेऊन येतो, असं वर जाऊन बाबांना सांगून आलो. त्यांनी हरकत घेतली नाही.