जनरस डोनेशन

३ ऑगस्ट
शाळेच्या मैदानाला लागून असलेली आपली दहा गुंठे जमीन शाळेला दिली. आता तिथे पाटी हवी. मजकूर मीच लिहिणार, तोही इंग्रजीत. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाने मराठीत दान करणं शोभत नाही. लेक शिवकन्या म्हणाली, अण्णा, नुसतं 'भूमिदान' लिहा. ती जूनपासून याच शाळेत शिकवते, स्वतःच्या मेरिटवर लागली. पण विषय गणित. तिला काय कळणार.

५ ऑगस्ट, सकाळ
'डोनेशन ऑफ' की 'डोनेशन बाय'? 'ऑफ चंद्रभान' लिहिलं तर मलाच शाळेला दान केल्यासारखं होईल. दोन डिक्शनऱ्या चाळल्या. बायको म्हणाली, जेवून घ्या, भाकर वातड व्हायलीय. या घरात व्याकरणाला किंमत नाही.

६ ऑगस्ट
ठरलं. 'जनरस डोनेशन बाय'. बिनचूक. परमेश्वर पेंटरने 'जनरस'मधला ई खाल्ला होता. उभं राहून घालून घेतला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर पाटी उघडली. लोक बराच वेळ वाचत होते. भारावले असणार.

१७ ऑगस्ट
हॉटेलात रंगनाथ भेटला. म्हणाला, गुरुजी, पोरीच्या नोकरीसाठी जमीनच द्यावी लागली का? लय महागात पडलं की. आधी कळेना, मग कळलं. आपल्याकडे संस्थेत नोकरी लागावी म्हणून गुपचूप देतात, त्याला डोनेशन म्हणतात. मी ते फूटभर अक्षरांत लिहून ठेवलं. डिक्शनरीत हा अर्थ दिलेला नाही. माझा नाइलाज.

१८ ऑगस्ट
शिवकन्या जेवली नाही. स्टाफरूममध्ये तिला 'जनरस मॅडम' म्हणतात. परीक्षेत पहिली आले होते हे आता कुणाला सांगू, म्हणाली. पाटी काढा म्हणाली. मी समजावलं, काढली तर लोकांना खरंच वाटेल. त्यापेक्षा खाली खुलासा लिहू. इंग्रजीतच. एका पाटीवर दोन भाषा बऱ्या दिसत नाहीत.

२१ ऑगस्ट
खाली रंगवून घेतलं, 'नॉट फॉर डॉटर्स जॉब'. ॲपॉस्ट्रॉफी परमेश्वरने पहिल्या फटक्यात बरोबर दिला. विषय मिटला.

२३ ऑगस्ट
मिटला नाही. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. पोरं मधल्या सुट्टीत पाटी मोठ्याने वाचतात. उच्चार चांगले आहेत. 'डोनेशन' खोडून 'गिफ्ट' करावं का? बायको म्हणाली, आता ब्रश लावला तर मी पालमला माहेरी जाईन.

३० ऑगस्ट
शिवकन्याने नोकरी सोडली. सेलूला एका शाळेत लागलीय. सकाळी बॅग घेऊन स्टँडवर पोचवायला गेलो. फार वाईट वाटत होतं. बस लागल्यावर विचारलं, कोणती शाळा?

म्हणाली, ते नाही सांगत, अण्णा. तुमी तिथं बी काहीतरी देताल.