उशाशी बूट

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मागच्या महिन्यात तुमची जी आठवण आली ती तुम्हालाच सांगायला हवी. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये सांगितली तर हसतील.

ट्रेकला आम्ही चौघी मैत्रिणी जाणार होतो. एकेकीनं कॅन्सल केलं आणि मी हट्टाला पेटले की एकटी जाते. नवरा म्हणाला, "यार, तू एडिसनला भाजी आणायला एकटी ड्राइव्ह करत नाहीस, आणि रानात तंबू ठोकणार?" मग तर जाणंच आलं. वेस्ट व्हर्जिनियातला तो डोंगरमाथ्यावरचा माळ, झाड जवळपास नाहीच, गुडघाभर झुडपं, मधेमधे दलदल आणि नजर जाईल तिथवर माणूस नाही. दिवसभर मी खुशीत चालले. संध्याकाळी तंबू लावला, बूट काढले, दाराशी जोडीनं नीट ठेवले आणि आत गेले. विचारसुद्धा केला नाही. लहानपणी मी एकदा चपला घालून स्वयंपाकघरात आले होते, तर तुम्ही भरल्या ताटावरून उठून मला बाहेर नेलं होतं. चप्पल उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणजे नाही. ती सवय इतक्या लांब माझ्याबरोबर आली.

सकाळी एकच बूट होता. दुसरा कुणीतरी ओढून नेला होता, आणि धुकं असं की तंबूच्या दोऱ्यासुद्धा दिसेनात. फोनला रेंज नाही. झुडपांत हात घालून घालून शोधलं, मग भीती वाटली की तंबूच हरवेल, म्हणून परत आले. तेव्हा मला आगगाडीतले तुम्ही आठवलात. घरी चपला बाहेर ठेवायला लावणारे तुम्ही प्रवासात मात्र त्या पिशवीत गुंडाळून उशाशी घ्यायचात. बर्थवर, धर्मशाळेत, लग्नाच्या कार्यालयातसुद्धा. आम्ही पोरं लाजेनं अर्धमेली. "बाबा, कोण नेणार तुमच्या झिजलेल्या चपला?" तुम्ही कूस बदलत म्हणायचात, "नेल्यावर कळेल. घर सोडलं की घरचे नियम घरी ठेवावेत." कळलं हो, बाबा.

थंडी वाढत होती, गाडी लांब होती, आणि मी कुठे आहे हे कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. उघड्या पायावर होते नव्हते तेवढे मोजे चढवले, वर पोळ्यांची प्लास्टिकची पिशवी, वर ओढणी घट्ट बांधली आणि निघाले. पायवाट दिसते, नाहीशी होते. एका ठिकाणी पाय गुडघ्यापर्यंत चिखलात जातो, उपसून काढते तर ओढणी आणि पिशवी दोन्ही आतच राहतात. पाय आधी दुखतो, मग दुखायचा थांबतो, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. दात वाजताहेत. इथे पडले तर पोरांना कोण सांगणार, हाच एक विचार. मोठ्यानं रामरक्षा म्हणायला लागले, तर निम्मी आठवेना. तेवढ्यात समोर काहीतरी काळं हललं. अस्वल, मी म्हटलं, संपलं. मी डोळे मिटून उभी राहिले.

तो कुत्रा निघाला. मागून एक म्हातारा आला, माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाला, "यू ओके, मॅम?" मी म्हटलं, "आय ॲम फाइन." असं म्हणतच रडत होते. त्यानं मला बसवलं, पाय पुसला, स्वतःचा लोकरीचा मोजा चढवला आणि धरून धरून गाडीपर्यंत आणलं. बूट बहुतेक साळिंदरानं नेला म्हणाला, घामाच्या खारटपणासाठी ती नेतात.

पाय बरा आहे. नवीन बूट घेतलेत. ते पिशवीत घालून मी पलंगाशी, उशाजवळ ठेवते. नवरा म्हणतो, "अगं, घरातून कोण नेणार?" मी दिवा घालवला की हात लावून बघते, दोन्ही आहेत ना. त्याला मी ट्रिप मस्त झाली असंच सांगितलंय. त्या माळावर मी आता मरणार अशी माझी खात्री झाली होती, हे फक्त तुम्हाला सांगतेय. तुम्ही कुणाला सांगणार नाही.