पिवळी, बिनडिकीची

ता. ७ एप्रिल १९१३, युगादी

आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायला नाही. या घरात दाखवण्यासारखं कुणी नाहीच.

सकाळी बेवू-बेल्ल, म्हणजे कडुनिंब आणि गूळ, खाताना मामा बोलले, मोटार घ्यायची. कडुनिंबाचा पाला माझ्या घशात अडकला. मामा म्हणजे पेन्शनर रिसालदार नागोजीराव. आईबाप गेल्यापासून मी यांच्याकडे. चाळीस वर्षं खोगिरावर बसून त्यांचे पाय असे वाकलेत, की मधून कुत्रं पळून जाईल. आता कंबर गेली. डॉक्टरनं घोडा बंद केला.

मामी, म्हणजे नर्मदाबाई, बोलल्या, "एका घोड्याचा जटका ठेवा की. मोटार कशाला सुम्मने, उगाच?" मामा बोलले, "जटक्यात भाजी बसते."

ऑर्डर इंग्रजीत लिहायची. इंग्रजी येणारा मी एकटा, फोर्थ फॉर्मपर्यंत गेलेला. (पास का झालो नाही ते मास्तराला विचारा.) मामांची पोर वनजा महाराणींच्या शाळेत जाते, पण पोरींचं इंग्रजी म्हणजे मांजराची कविता.

ऑर्डर मी लिहिणार. म्हणजे मोटार माझीच.

ता. ११ एप्रिल

रोज म्हणजे सवड मिळाली तर.

सकाळी रूपकळीला खरारा केला. मामांची घोडी. वय सोळा, अक्कल शून्य. मी वाकलो की माझी टोपी खाते. नऊ वर्षं हेच चाललंय. मोटार आली की घोडी विकणार, मामांनी शब्द दिलाय. मोटारीला खरारा लागत नाही.

ता. १४ एप्रिल

मंडी मोहल्ल्यात फत्तेसिंगरावाच्या कट्ट्यावर बसलो होतो. फत्ते माझा दोस्त. डोकं जड, मिशी त्याहून जड. बोलला, "वेंकोजी, तू घोडी धुणारा. मोटारीत तुला कोण बसवून घेतंय?"

पैज लावली. विजयादशमीला मी मोटार चालवत त्याच्या दारावरून जाणार. गेलो तर त्याची अर्धी मिशी काढायची. नाही गेलो तर माझी. चार जणांसमक्ष हातावर हात.

माझी मिशी अजून दाट नाही. पण वळण चांगलं आहे.

ता. २० एप्रिल

बेंगळूरहून मोटार कंपनीचा एजंट तिरुमलराव आला. कॉलर एवढी ताठ, की खाली बघायला कमरेतून वाकतो. मी त्याच्या खुर्चीवर गूळ लावून ठेवला होता. चिकटला. उठताना खुर्ची बरोबर आली. मामा त्याच वेळी विचारत होते, "पकड कशी आहे हिची?" तो बोलला, "फर्स्ट क्लास, साहेब."

चित्रांच्या पुस्तकात बारा मोटारी. मामांनी चार सीटवाल्या सगळ्या नापास केल्या. "एका पाठीवर चार माणसं? पाठ मोडेल." मग एका पानावर थांबले. दोन सीट, लांब नाक, बुटकी, शर्यतीची. मी ते पान बोटानं दाबून धरलं. मामा बोलले, "ही मान बघ. ही पळणार."

मग विचारलं, "गळ्यावर देवमण आहे काय?" घोड्याच्या गळ्यावर केसांचा शुभ भोवरा असतो तो. मला हसू आवरेना. पण तिरुमलराव लबाड. मोटारीच्या नाकाखाली कंपनीचा पितळी बिल्ला होता, त्यावर बोट ठेवून बोलला, "हेच देवमण, साहेब." मामा खूश. अशा माणसांनी मुलूख जिंकले म्हणे.

जादा पैसे देऊन मागायच्या वस्तू वेगळ्या. पुढची काच, टप, दिवे, भोंगा. आणि डिकी. म्हणजे मोटारीच्या पाठीवरचं झाकण उघडायचं, आत उघड्यावर दोन जणांची बैठक. मामी पदर सावरून पुढं आल्या. "ते झाकणाचं पाहिजे. मी आणि वनजा नंजनगूडच्या देवाला जाऊ. खाली डबा ठेवता येईल."

अय्यो.

ता. २१ एप्रिल

रंगाचा तक्ता. अठरा चौकोन. सगळं घर तक्त्यावर वाकलं.

मामा: कुमाईत. म्हणजे तांबडा-तपकिरी घोडा असतो तसा. वर चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. "पंचकल्याणी जनावर दारात असलं की घराला काही होत नाही."

मामी: लुगड्याच्या काठासारखा हिरवा. लुगडं आणून तक्त्यावर धरलं. जुळलं नाही. चूक तक्त्याची.

वनजा: तांबड्या धुळीत कुठला मळका दिसणार नाही? मोटार बघायची सोडून ही धूळ बघणार!

मी: पिवळा. अठरा नंबर. तिरुमलराव बोलला, विलायतेत शर्यतवाले घेतात. या घरात रंग समजणारा मी एकटा.

दुपारी मामा झोपल्यावर तक्त्यातला तपकिरी चौकोन कात्रीनं कापून काढला. संध्याकाळी सांगितलं, झुरळांनी खाल्ला. मामा तक्ता उजेडात धरून बोलले, "कडा सरळ आहेत." मी बोललो, विलायती कागद सरळच खातात. पटलं त्यांना.

ता. २३ एप्रिल

ऑर्डरचा कागद भरला. रंग: यलो. भोंगा: सापाच्या तोंडाचा, सगळ्यात लांब. काच: नको, मामा बोलले वारा छातीवर घ्यायचा असतो. दिवे: मोठे.

डिकी: नो. खाली दोनदा रेघ मारली.

विचार करूनच मारली. डिकी असली की मागं मामी, वनजा, डबा, नारळ, आणि परत येताना शेजारची तुंगाक्का. मी काय यांचा जटकेवाला? दोन सीट म्हणजे दोन सीट. एकीवर मी. दुसरीवर मामा, चार दिवस. मग वारा लागून कंबर धरली की ते घरी. मग ती सीट रिकामी, मी म्हणेन त्याला.

मामींना सांगितलं, या जातीच्या मोटारीला कंपनी डिकी लावत नाही. त्यांनी लुगडं घडी करून आत नेलं.

मामांनी न वाचता मोडीत सही ठोकली. कागद वनजाकडे दिला, शाळेत जाताना पोस्टात टाक म्हणून. तिनं विचारलं, "पाकीट बंद नाही केलं?" डिंक संपला होता, भाताच्या शितानं चिकटव म्हटलं. मुकाट्यानं गेली. गरीब गाय आहे.

ता. ९ मे

मोटारीचा सराव. धान्याच्या पेटीवर बसून पीठ मळायची परात हातात धरली. पायाखाली दोन पाट, एक थांबायचा, एक पळायचा. बेंगळूरपर्यंत जाऊन आलो.

मामा दारात उभे. वाटलं, रागावणार. पण विचारत बसले, डाव्या पायानं काय, उजव्या हातानं काय. मलाच कुठं माहीत? पण सांगितलं. तासभर विचारत होते. म्हाताऱ्यांना कुणी बोलायला मिळत नाही.

मामी परात घेऊन गेल्या. मद्रासला जायचं राहिलं.

ता. १८ जून

जुन्या बाजारातून रबरी फुग्याचा भोंगा आणला. घोडीच्या कानाशी वाजवला, हिला आत्ताच सवय झालेली बरी म्हणून. पाठीवर मी होतो.

पडलो नाही. उतरलो. जरा लवकर उतरलो.

ता. ३ ऑगस्ट

कंपनीनं मोटार चालवायचं पुस्तक पाठवलं. शहाण्णव पानं, सगळं इंग्रजी. दोन वाचली. बाकीचं तसंच असणार. वनजाकडे दिलं, कव्हर घाल म्हणून.

ता. २६ ऑगस्ट

वनजा अजून कव्हरच घालतेय. तीन आठवडे! पोरींच्या हाताला वेग नाही. रोज संध्याकाळी कट्ट्यावर मामांजवळ बसून काय ते पुटपुटते. ते मान डोलवतात. बहुतेक स्तोत्र.

ता. १२ सप्टेंबर

बोट मद्रासला लागली. मंडी मोहल्ल्यात सगळ्यांना सांगून आलो. फत्तेला विचारलं, अर्ध्या मिशीनं सासुरवाडीला कसा जाशील? मिशीवरून हात फिरवत बसला.

घोडी बघायला एक जटकेवाला आला होता. दसरा झाला की नेतो बोलला. रूपकळीला गुळाचा खडा दिला. दया म्हणून. तिनं टोपी खाल्ली.

ता. ६ ऑक्टोबर

आली! स्टेशनावर पेटी फोडली. पिवळी! दसऱ्याच्या झेंडूसारखी पिवळी! गर्दी जमली. मी मात्र जरा पेटीमागं उभा राहिलो. (ऊन.)

मामा दोनदा फिरले भोवती. बोलले, "कुमाईत सांगितला होता." मी बोललो, विलायतेत तो रंग संपला. मामा तिसऱ्यांदा फिरले. मग बोलले, "समंद आहे. पिवळा घोडा. हौदू, होय, समंद बी वाईट नाही." मामी बोलल्या, "हळदीचा रंग." संपलं. एवढी मी झोप घालवली आणि हे संपलं पण.

मग मामा बोलले, "चारी पाय पांढरे कर."

संध्याकाळी चारी चाकांना चुना लावला. नाकावर पट्टा. मीच लावला. शर्यतीची विलायती मोटार, आणि दिसते लग्नाच्या बोहल्यासारखी. शिकलेल्या माणसाचं या घरात हे होतं.

ता. ७ ऑक्टोबर

शिकवायला कंपनीचा माणूस आलाय, व्यासराज. मेटगळ्ळीच्या माळावर गेलो. पहिला मी बसलो.

मोटार चार वेळा बंद पडली. नवी आहे म्हणून. पाचव्यांदा निघाली ती गवताच्या गंजीत. गंजीची जागा चुकीची होती. व्यासराज तोंडातलं गवत काढत बोलला, "साकू, रायरे, साकू." पुरे म्हणे! याला शिकवता येत नाही.

मग मामा बसले. मी मनात म्हटलं, आता बघा.

वनजा शेजारी चढली. मांडीवर ते पुस्तक. कव्हर घातलेलं. पानापानाला खुणेचे दोरे. वाचायला लागली आणि लगेच मराठीत सांगायला: "डावा पाय दाबा, आप्पा. दांडी पुढं. आता पाय स्वल्प सोडा. हळू." मोटार लोण्यासारखी निघाली. माळाला तीन फेऱ्या. व्यासराज टाळ्या वाजवत होता, गाढव.

मामा उतरून बोलले, "तोंडाला हलकी आहे." घोड्याबद्दल म्हणतात तसं.

मी विचारलं, दसऱ्याला मी चालवू ना? मामा बोलले, "लगाम दुसऱ्याच्या हातात देऊन रिसालदार बसत नसतो."

पण तिथं दुसरी सीट आहे. चालवत नाही तर शेजारी. फत्तेला समजावता येईल.

ता. ८ ऑक्टोबर

दुसरी सीट वनजाची. पुस्तक कोण वाचणार, मामांनी विचारलं. मी वाचतो म्हटलं. एक पान वाचून दाखव बोलले.

माझा घसा बसला होता.

ता. ९ ऑक्टोबर, आयुधपूजा

अंगणात तलवारी, भाला, खोगीर, त्यांच्या रांगेत मोटार. चाकांखाली लिंबं, वर कोहळा फोडला. घोडीला पण हार. तिनं खाल्ला.

पूजा झाल्यावर मामांनी हुकूम सोडला. उद्या महाराजांची दसऱ्याची स्वारी बघायला बन्नीमंटपापर्यंत. पेट्रोलचे दोन डबे, पाण्याचा डबा, जादा चाक, अवजारांची पिशवी बरोबर. मी बोललो, दोन मैलांना एवढं कशाला? मामा बोलले, "दोन दिवसांचा दाणा बरोबर असल्याशिवाय रिसाला छावणी सोडत नाही."

"ठेवायचं कुठं?" व्यासराजला विचारलं. तो बोलला, "सगळे डिकीत ठेवतात."

मामी तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "या जातीला कंपनी डिकी लावत नाही ना?"

"लावते की, अम्मा. ऑर्डरीत नको लिहिलंय."

"खाली दोन रेघा मारून," वनजा बोलली.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घोडीकडे बघितलं.

वनजाला म्हटलं, तू पाकीट उघडून वाचलंस? ती बोलली, "उघडंच दिलं होतंस, वेंकोजीराव. डिकी खोडलेली वाचली. मग बघितलं, पुढच्या दोन सीट भरल्या की तू मागं कुठं बसणार? कुठंच नाही. म्हणून शितं जरा जास्त लावली, नीट चिकटावं म्हणून."

मामी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच बोलल्या, "मला सांगायचं होतंस रे. मी नको म्हटलं असतं डिकीला. खोटं कशाला?" आणि परत तांदूळ.

मामांनी जटकेवाल्याला निरोप पाठवला. घोडी विकायची नाही. सामान घोडीवर. घोडीवर वेंकू.

ता. १० ऑक्टोबर, विजयादशमी

पुढं मोटार. मामा फेटा बांधून, वनजा पुस्तक उघडून. मागं रूपकळी, दोन बाजूंना दोन डबे, माझ्या खांद्यात जादा चाक. मामींसाठी जटका बोलावला. तुंगाक्का बी बसली.

मोटार पळेना. दाणा मागं राहील म्हणून मामा घोडीच्या चालीनं चालवत होते. अग्रहारातून जाताना एक म्हातारी विचारत होती, पुढची गाडी घोडी ढकलते की काय?

तोंडाला रुमाल बांधला होता. धूळ. वनजाचं बरोबर होतं, पिवळ्यावर दिसते.

मंडी मोहल्ल्याचा रस्ता टाळा म्हणून मामांना ओरडून सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. सापाच्या तोंडाचा भोंगा वाजवत होते.

फत्ते कट्ट्यावर बसला होता. पुढं तबक. तबकात वस्तरा, आरसा, वर कुंकू लावलेलं. आयुधपूजा केली होती त्यानं वस्तऱ्याची. रुमाल बघून ओळखलं नाही. घोडी बघून ओळखलं. ती आपोआप थांबली त्याच्या दारात, नऊ वर्षांची सवय.

डावी बाजू गेली.

ता. ११ ऑक्टोबर

सकाळी खरारा.

मामा आले. हनुवटी धरून माझं तोंड उजव्या-डाव्या बाजूला वळवून बघितलं, बाजारात जनावर बघतात तसं. बोलले, "ऐब आहे. विकायला नेलं तर कुणी घेणार नाही. घरीच ठेवावं लागणार."

मग मामींना हाक मारली. "उद्या नंजनगूड. पंधरा मैल. घोडीला आणि वेंकूला पहाटे दाणा जास्त घाला."