जाऊबाईंचं गोमुख

बसवनगुडी, रविवार, कार्तिक, १९६१

आज धाकट्या जावेकडे मावंदं होतं. गंगोत्रीची यात्रा करून आली म्हणून गंगापूजन, जेवण, ओळखीच्या सगळ्या बायका. भर पंगतीत मला म्हणते कशी, "अक्का, तुम्ही गोमुखाला पोचलाच नव्हता. काळ्या खडकाला बर्फ टेकलंय म्हणायच्या ना? तिथं नुसते धोंडे! बर्फ कितीतरी वर आहे." बायका खुदखुदल्या.

मी खोटी? वीस वर्षांमागं त्या काळ्या खडकावर मी आणि हे बसलो होतो. पाठीला बर्फ लागत होतं. त्याच गारठ्यानं ह्यांना खोकला धरला, तो त्यांना घेऊनच गेला. तो खडक मी विसरेन?

घरी येऊन लेकाला विचारलं. तो डोंगर मोजायच्या खात्यात आहे. म्हणाला, "आई, तुझं खरंय. हवा तापत चाललीय, तिथलं बर्फ वर्षागणिक मागं हटतंय. उद्या काकूला सांगतो."

म्हटलं, "स्वल्प थांब. तोंड उघडलंस तर बघ."

सांगितलं तर 'चुकलं हो अक्का' म्हणून सुटेल. एवढ्यावर सोडू तिला? फिरू दे गावभर, बर्फ कुठल्या धोंड्याशी पाहिलं ते सांगत. मीच चौघींना विचारायला लावीन.

तिच्या सुनेला यात्रेची हौस आहे, आणि जीभ सासूपेक्षा तिखट. पोरं जरा मोठी झाली की तिला मीच गंगोत्रीला धाडीन. तोवर बर्फ आणखी मागं गेलेलं असेल. ती परत येऊन सासूला चारचौघींत काय म्हणते, ते ऐकल्याशिवाय मी काही मरत नाही.