उघडा पुडा

रायपूर,
१२ एप्रिल २०१४

आदरणीय सरिताताईंस,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. ऊन चढून राहिलं आहे. तुमच्या शर्मिष्ठाचं लग्न ठरल्याचं वाचून फार आनंद झाला. तुम्ही विचारलं, "आमचं अभनपूर तासाभराच्या रस्त्यावर, मी गाडीही पाठवते, तरी माझा भाऊ नीलकंठ काहून येत नाही?"

ताई, उरला वसाहतीतल्या कारखान्यात पडल्यापासून यांचे पाय गेले, ते तुम्ही पाहिलंच. पण लघवी-संडासाचा ताबाही गेला, हे आम्ही दडवलं. तुम्ही आलात की हे झोपेचं सोंग घेतात, ते त्याचसाठी.

रात्रंदिवस डायपर लागतात. गादीवर अंथरायचे पॅड, मलम वेगळं. मी शंकर नगरात दोन घरचा स्वयंपाक धरला तो यासाठीच. घरी वेळ जात नाही, हे तुम्हाला उगाच लिहिलं होतं.

मागच्या पावसाळ्यात डायपर कमी लागावेत म्हणून यांनी पाणी पिणंच सोडलं. इन्फेक्शन झालं, ताप चढला. दवाखान्यात मी रागावले, "माझी कमाई कडू लागते काय?"

"नाही वो. पण एवढा खर्च तरी मले करू दे."

घरी येताच पलंगाला लावून टेबल मांडायला सांगितलं. कारखान्यात इलेक्ट्रिशियनच होते ना! कूलरच्या जळालेल्या मोटारी घेऊन वाइंडिंग करू लागले. पहिली बिघडली. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसरी फिरली तेव्हा मला हाक मारून तिची हवा खायला बसवलं. आता पाऱ्यातल्या साऱ्या गल्ल्यांतून मोटारी आमच्याकडे येतात.

काल पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीवर बसून स्वतः मेडिकलवर आले. दुकानात गर्दी. दुकानदार नेहमीसारखा डायपरचा पुडा पेपरात गुंडाळू लागला. हे मोठ्यानं म्हणाले, "भैया, लपेटो मत. मेरे ही हैं. अपनी कमाई से ले रहा हूँ."

पुडा तसाच मांडीवर ठेवला अन् भर बाजारातून घरी आले. मी मागून खुर्ची ढकलत होते. ताई, एवढी ताठ मान करून मी या रस्त्यानं कधी चालले नव्हते.

लग्नाला आम्ही येतो. न्हाणीजवळची एक खोली तेवढी द्या. बाकी सामान आमचं आम्ही आणू.

मंगलाष्टकं होईस्तोवर नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. शर्मिष्ठाला सांगा, तिचा मामा बसून राहील, पण पाठीशीच राहील.

तुमच्या नीलकंठची,
प्रमोदिनी