चुकलं तरी चालेल

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. माझा तुमच्यावरचा राग अजून ठणठणीत आहे, म्हणून लिहायला बसले.

नाशिक रोडच्या आपल्या शाळेतला सातवीचा वर्ग. मी शेवटच्या बाकावर, फळ्यावरचे आकडे धुरकट, आणि तुम्ही मला उभं करून गणित वाचायला सांगताय. मी तीनाचे आठ वाचते. तुम्ही खडू खाली ठेवता. "दिसत नाही तर दिसत नाही म्हण! अंदाजपंचे ठोकायचं नाही." उरलेला तास मी बाकावर उभी. दहावीपर्यंत सगळी शाळा मला 'अंदाजपंचे' म्हणायची. तुम्हीही म्हणायचात, हसत हसत.

पुढे संख्याशास्त्र शिकले आणि डोळ्यांच्या एका दवाखान्यात, नव्या इंजेक्शनच्या चाचणीत, नजर मोजायच्या कामाला लागले. दर महिन्याला तेच रुग्ण, तसाच तक्ता. किती अक्षरं वाचली ते लिहायचं. आता त्याच आकड्यांची मी मॉडेलं बांधते. एका माणसाची मापं एकमेकांना धरून असतात, ती सुटी मोजायची नसतात. प्रत्येकाची आपली एक रेघ असते, कुठून निघाली, किती उतरली. मधेच यायचा थांबला, तर आधीच्या मापांवरून त्याची पुढची रेघ अंदाजता येते. हो सर, माझं पोट अंदाजावरच चालतं.

मी अजून तक्त्यापाशी काम करायचे तेव्हा एकदा तुम्ही दवाखान्यात आलात, ते सुनेचा हात धरून. शुगरमुळे डोळ्यांचे पडदे सुजलेले. मला ओळखलं नाहीत, मीही ओळख दिली नाही. चाचणीत घ्यायला निदान ठरावीक इतकी अक्षरं वाचता यावी लागत, नाहीतर इंजेक्शन नाही. तुम्ही तीन ओळी वाचल्यात आणि थांबलात.

"पुढे?"

"काळं काहीतरी आहे, बाई. पण नक्की दिसत नाही ते मी सांगणार नाही."

"अहो बाबा, सांगा ना काहीतरी," सून म्हणाली.

"तू गप्प बस."

मी "बरं" म्हटलं आणि आकडा लिहिला. दोन अक्षरं कमी पडली. तुम्हाला घरी पाठवलं. वर्षभरात तुम्हाला दिवस-रात्रही कळेनासं झालं, असं सुनेनेच नंतर सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवशी मी व्यवस्थित जेवले. तुमची रेघ माझ्या कुठल्याच मॉडेलमध्ये नाही, कारण एका मापाची रेघ होत नाही.

हे सगळं मनाशी घोळवताना मी एक गोष्ट नेहमी गाळते. बाकावर उभं केल्याच्या चौथ्या दिवशी तुम्ही मला सायकलवर बसवून चष्म्याच्या दुकानात नेलंत. तिथल्या तक्त्यापुढे माझी बोबडी वळली. तुम्ही वाकून कानाशी म्हणालात, "चुकलं तरी चालेल, सांग." नाकावर पहिल्यांदा बसला तो चष्मा तुम्हीच घेऊन दिलेला.

तुमची सून अजून तुमच्याच कॉलनीत राहते. हे पत्र तिच्या हाती सहज देता येईल, पण देणार नाही. कारण मग तिला कळेल की आमच्या नियमात, रुग्ण अडला की एक वाक्य म्हणावंच लागतं: चुकलं तरी चालेल, अंदाजाने सांगा. मी ते त्या दिवशी सकाळपासून प्रत्येकाला म्हटलं होतं. तुम्हाला म्हटलं नाही.